कोरा फॉर्म, अरुंद बाटली

बायोप्सीचा तुकडा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कोंबून पाठवणं आधी बंद करा. पॅथॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांचं शिक्षण कुठं आणि कसं होतं, यावर या आठवड्यात लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य हेच आलं. या शिक्षणाचं घोडं त्या बाटलीपाशीच अडतं.

ताजा तुकडा मऊ असतो, अरुंद तोंडातून सहज आत जातो. फॉर्मालिनमध्ये रात्रभर राहिला की कडक होतो आणि मग बाहेर निघत नाही. प्रयोगशाळेत कुणीतरी चिमट्यानं ओढतं. तुकडा चेमटतो, फाटतो, वरची बाजू कुठली आणि खालची कुठली तेच कळेनासं होतं. गालातल्या जखमेत तर सगळा प्रश्न तोच असतो: वरच्या अस्तरातल्या बिघडलेल्या पेशी खाली उतरल्यात की नाही? उतरल्या असतील तर कर्करोग, नसतील तर अजून वेळ हातात आहे. तुकड्याचं बूडच हरवलं तर उत्तर देणार कुठून? दुसरा प्रकार याहून वाईट. फॉर्मालिन संपलेलं असतं म्हणून कुणीतरी सलाइन ओततं. सलाइननं कुजणं थांबत नाही. यवतमाळचा मे महिना, हातातल्या पिशवीतून एसटीचा प्रवास, मधे आलेला रविवार. नमुना टेबलावर येईपर्यंत पेशींची केंद्रकं पुसट झालेली असतात.

रुंद तोंडाची बाटली, १० टक्के फॉर्मालिन, तेही तुकड्याच्या किमान दहापट, आणि नाव बाटलीच्या अंगावर. झाकणावर नाव लिहू नका, झाकणं बदलतात. एवढ्यासाठी कोट्यवधींची इमारत लागत नाही आणि फीत कापायला कुणाला बोलवावंही लागत नाही.

बाटलीबरोबर फॉर्म येतो. नाव, वय, वॉर्ड, तारीख. खाली मोठा चौकोन असतो, रुग्णाची माहिती लिहायचा. त्यात बहुतेक वेळा एक प्रश्नचिन्ह आणि पुढं दोन अक्षरं: सीए. म्हणजे कर्करोग असावा अशी शंका. जखम किती दिवसांची, कोणत्या गालात, माणूस काय खातो, आधी कुठं दाखवलं होतं, यातलं काही नाही. कधी तर ते प्रश्नचिन्हही नसतं, चौकोन कोराच.

हा फॉर्म ज्याच्या हातात पडतो तो एम.डी. पॅथॉलॉजीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विभागात त्याला जेआर-वन म्हणतात. मेडिसिनचा निवासी डॉक्टर खाटेपाशी जाऊन विचारू शकतो. सर्जरीचा निवासी पोटाला हात लावून पाहू शकतो. याच्यासमोर बहुतेकदा माणूस येत नाही, त्याचा तुकडा येतो आणि तो फॉर्म येतो. जे फॉर्मवर नाही ते याला कोण शिकवणार? प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयांची चर्चा आपल्याकडे खाटा, जागा, अध्यापकांची संख्या आणि यंत्रसामग्री यांच्या भाषेत चालते. तपासणीचं पथक येणार असलं की हजेरीपटावरची नावं पूर्ण होतात, धूळ खाणारे मायक्रोस्कोप पुसले जातात. फॉर्मवरचा तो चौकोन भरलेला असतो का, हे मात्र कुणी पाहत नाही. माझ्या मते पथकानं आल्याबरोबर मागवायची पहिली वस्तू म्हणजे मागच्या महिन्याच्या फॉर्मांचा गठ्ठा.

आता बोरी अरबकडून पाहू. दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीकाठचं हे गाव. इथल्या माणसाला गालात पांढरा चट्टा दिसला किंवा जखम भरेना झाली की तो आधी गावात दाखवतो, मग दारव्ह्याला, आणि शेवटी यवतमाळच्या ‘मेडिकल’ला. मेडिकल म्हणजे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९८९ पासूनचं. त्याच्याही पलीकडं सेवाग्राम आणि नागपूर. या वाटेवर प्रत्येक टप्प्यावर त्याला कुणी ना कुणी काही ना काही विचारलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर ते हवेत विरतं. शेवटी काचेच्या पट्टीवर पाच मायक्रॉन जाडीचा छेद उरतो आणि त्याच्याशेजारी प्रश्नचिन्ह.

गालाचा तुकडा आला की यवतमाळातला कुणीही सांगेल, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली पुडी. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर घोटला जातोच आहे. बाया खातात, शाळकरी पोरं खातात, निंदणाला जाताना कमरेला पुडी असते. तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, मग चट्टा येतो. माणूस म्हणतो, ‘काई नाई जी, तोंड आलं हाय.’ हे तोंड येणं महिनोन्‌महिने चालतं.

या विषयाची परंपरा आपल्याच राज्यातली आहे, म्हणून तर चीड येते. १९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगावरचा लेख छापून आला. सलग १००० रुग्णांचा आढावा त्यात होता. खानोलकर लंडनहून पॅथॉलॉजी शिकून आलेले, ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकलमध्ये शिकवलेले, पुढं १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांची धुरा सांभाळणारे. १९४९ मध्ये देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकारानं. त्या एक हजारातला प्रत्येक रुग्ण म्हणजे एक भरलेला कागद होता, हे विसरू नका. संगणक नव्हता, फोटोकॉपी नव्हती. कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी लिहून ठेवलं. त्यानंतर ८० वर्षं उलटून गेली आणि आपल्या फॉर्मवर आपण प्रश्नचिन्ह काढतो.

विदर्भातला एखादा निवासी डॉक्टर तीन वर्षांत तोंडाच्या शेकडो बायोप्सी पाहत असेल. खर्रा किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, कोणत्या गालात धरून ठेवतो, रात्री तोंडात ठेवून झोपतो का, एवढं प्रत्येक फॉर्मवर लिहिलेलं असेल तर त्याच्या प्रबंधाचा विषय बाहेरून शोधायची गरजच नाही. आज मात्र प्रबंध म्हणजे जुन्या नोंदवह्यांतून आकडे उतरवणं, कारण नोंदवहीत आकड्यांशिवाय दुसरं काही लिहिलेलंच नसतं.

रक्ताचंही तेच. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, तेव्हापासून जगाला माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट जाहीर झालं. मोहीम चांगली आहे, गरजेची आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण गावात पुष्कळदा होते ती विद्राव्यता चाचणी. ती सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की त्याला आजार आहे, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय खात्रीनं कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम, गोंड, परधान कुटुंबांसाठी या फरकाला फार मोठी किंमत आहे. तो फरक वाचायला शिकतो कोण? पॅथॉलॉजीचा निवासी. मग या मोहिमेतल्या दुसऱ्या टप्प्याच्या तपासण्या त्याच्या टेबलावरून गेल्याच पाहिजेत. आलेख त्यानं वाचावा, आईबापांना शेजारी बसवून समजावूनही त्यानंच सांगावं. हे समजावून सांगणं त्याला कुठंच शिकवलं जात नाही.

आणि २०१७. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला निकामी करतात. रक्तातली त्याची पातळी मोजली की विष कोणत्या गटाचं आणि किती चढलंय याचा अंदाज येतो. कपाशीच्या या जिल्ह्यात ती साधी तपासणी हाताशी नाही, हा प्रश्न त्या वेळी जाहीरपणे उभा राहिला. तपासणी बायोकेमिस्ट्रीची की पॅथॉलॉजीची, हा वाद विभागांनी आपसात घालावा. फवारणी करणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. ज्या भागात प्रशिक्षण रुग्णालय आहे त्या भागाचं दुखणं त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ओळखता आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. गेलेल्या माणसांचे अवयव रासायनिक तपासणीला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, ऊतींचे तुकडे पॅथॉलॉजीत येतात. फवारणीच्या हंगामात मेलेल्या माणसाचं यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं, हे यवतमाळच्या निवासी डॉक्टरनं जगाला सांगायला हवं. जगाच्या पाठ्यपुस्तकाची वाट त्यानं बघू नये.

आता सरकारी खात्यांचा एक घोळ. गावातलं आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली रक्त-लघवी ‘महालॅब’ योजनेतून तपासली जाते. ती चालवते एचएलएल लाइफकेअर ही केंद्र सरकारची कंपनी. रुग्णाला तपासणी फुकट मिळते, नमुना न्यायला माणूस येतो, अहवाल मोबाइलवर येतो. गावातल्या माणसाचा यात फायदाच आहे आणि तो काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण याचा अर्थ असा की बोरी अरबच्या बाजूचं रोजचं रक्त मेडिकलच्या निवासी डॉक्टरच्या नजरेखालून जातच नाही. जातो तो आजार विकोपाला गेलेला माणूस. सुरुवातीचा पंडुरोग, नुकता लागलेला ताप, लक्षणं नसलेला सिकलचा वाहक, हे त्याला पुस्तकातच भेटतात. दोन खात्यांच्या सचिवांनी एका टेबलावर बसून ठरवावं: ज्या नमुन्यात यंत्रानं काही वावगं दाखवलं, त्याची काचपट्टी जवळच्या मेडिकल कॉलेजात जाईल आणि तिचं वाचन शिक्षकासमोर निवासी करेल. पट्टी तर अगदी छोटी आणि स्वस्त वस्तू, रोजच्या गाडीत डबाभर मावतात.

पट्टी वाचायची म्हणजे काय, तेही सांगतो, कारण अनेकांना वाटतं यंत्र आलं की संपलं. डेंग्यूच्या दिवसांत ताप आलेल्या पोराचं रक्त यंत्रात घातलं. यंत्रानं प्लेटलेट छापल्या २० हजार. घरात रडारड, कुणी सोनं मोडायला निघालं, गाडी ठरली नागपूरची. त्याच रक्ताचा एक थेंब काचेवर ओढून, रंग देऊन पाहिला तर कडेला प्लेटलेटांचे पुंजकेच्या पुंजके. नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळं काहींच्या रक्तात प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्राला तो पुंजका एक मोठी पेशी वाटतो आणि आकडा कोसळतो. पोराच्या प्लेटलेटांना काही झालेलं नसतं. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्या, पट्टी पाहा, आकडा सुधारा. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते पाच मिनिटांत करायला रात्रपाळीत हजार पट्ट्या पाहिलेला डोळा लागतो, आणि तो डोळा ज्या प्रशिक्षण रुग्णालयात शिक्षक रात्रीही फोन उचलतो तिथंच तयार होतो.

गावोगावच्या प्रयोगशाळांत हा डोळा नाही, सही मात्र आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत एका गल्लीत दोन-तीन ‘लॅब’ सापडतात. आत डीएमएलटी झालेला तंत्रज्ञ राबत असतो, त्याच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. अहवालावर मात्र अशा डॉक्टरची सही छापलेली असते, ज्यानं तो नमुना, ते यंत्र किंवा ती खोलीही पाहिलेली नसते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केलं की प्रयोगशाळेच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. निकालाला इतकी वर्षं झाली. निकाल पाळायचा तर डॉक्टर लागतील, आणि डॉक्टर तिथं हवेत जिथं सुई टोचली जाते.

डॉक्टर कमी आहेत असं सांगितलं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, कारण पदव्युत्तर जागा भरत नव्हत्या, आणि रिकाम्या राहणाऱ्यांत रुग्णाशी थेट संबंध न येणाऱ्या विषयांच्या जागा पुष्कळ. हुशार पोरगी म्हणते, पॅथॉलॉजीत काय आहे, दिवसभर नळ्या मोजायच्या. तिला दोष देऊ नका. विभागात तिनं जे पाहिलंय त्यावरून ती बोलते. पहिलं वर्ष रक्त काढण्यात, फॉर्म शोधण्यात, अहवाल हातानं लिहिण्यात आणि रक्तपेढीतल्या पाळ्यांत जातं. रक्तपेढीची पाळी वाईट मुळीच नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ दाखवला, तो रक्तजुळणीच्या रोजच्या कामातून. कुठलंच रक्त जुळेना, आणि टेबलावरच्या माणसानं ते ‘चूक झाली असेल’ म्हणून सोडून दिलं नाही. त्याच पाळीत शिक्षक शेजारी असेल तर ती प्रयोगशाळा असते. तो नसेल तर नुसती हमाली.

शिक्षक शेजारी असणं म्हणजे काय, तेही विभागात जाऊन पाहावं. एकाच सूक्ष्मदर्शकाला पाच किंवा दहा जोड्या डोळे लावता येतात असं उपकरण असतं. मधे शिक्षक, भोवती निवासी. शिक्षक हिरवा बाण फिरवत विचारतो, ‘हे काय आहे?’ पहिल्या वर्षाचा म्हणतो, ‘सर, केराटिन पर्ल.’ दुसऱ्या वर्षाची म्हणते, ‘तो छेद तिरका गेलाय सर, म्हणून तसं वाटतंय.’ दोघांचं ऐकून शिक्षक बाण खाली नेतो आणि स्नायूंच्या मधोमध बसलेला पेशींचा छोटा पुंजका दाखवतो. आता कुणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांना एकदम दिसलं: पेशी खाली उतरल्यात. एका स्लाइडवरची ही दहा मिनिटं पुस्तकातल्या धड्यानं भरून निघत नाहीत. जिथं अध्यापकाची पदं रिकामी आहेत किंवा अध्यापक पथकाच्या तपासणीपुरता दुसऱ्या कॉलेजात पाठवला जातो, तिथं ही दहा मिनिटंच आधी जातात.

पुढची अडचण यंत्रांची आहे, ती थोडक्यात. तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ब्लॉक ४५ अंशांच्या उन्हाळ्यात मऊ पडतो, छेदाला सुरकुत्या येतात, म्हणून तंत्रज्ञ ब्लॉकवर बर्फ ठेवतो आणि मग छेद कापणारा मायक्रोटोम फिरवतो. रात्री वीज गेली आणि बॅकअप नसला की टिश्यू प्रोसेसरमधले तुकडे अर्धवट राहतात. गाठीचा नेमका प्रकार सांगणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची सोय जिथं नाही तिथं ब्लॉक नागपूरला किंवा मुंबईला जातो. नातेवाईक पैसे भरतात, अहवाल परस्पर सर्जनकडं येतो, आणि मूळ निदान लिहिणाऱ्या निवासीला आपण बरोबर होतो की चूक हे कळतही नाही. बाहेर गेलेल्या प्रत्येक ब्लॉकचा अहवाल विभागात परत आणून पहिल्या स्लाइडशेजारी ठेवा. एका शिपायाचं आणि एका नोंदवहीचं काम आहे. देशभरातली कर्करोग रुग्णालयं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेली आहेत, दूरवरून स्लाइड दाखवून सल्ला घेण्याचं तंत्रही आता नवं नाही. जिल्ह्यातल्या विभागानं ते दार ठोठावावं आणि पलीकडून उत्तर मिळेल तेव्हा निवासीला खुर्चीत बसवावं.

सगळ्यात मोठी संधी मात्र नियमातच लिहून ठेवली आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकानं तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या यंत्रणेत काढायचे, असा जिल्हा निवासी कार्यक्रम, म्हणजे डीआरपी, २०२१ च्या तुकडीपासून लागू आहे. पॅथॉलॉजीवालेही त्यात आले. आधी १०० खाटांची अट होती, ती २०२३ च्या नियमावलीत ५० वर आली. म्हणजे दारव्हा, पुसद, पांढरकवड्यासारख्या उपजिल्हा रुग्णालयांकडं पाहता येतं. आणि आपण काय करतो? जायचं, हजेरी लावायची, प्रमाणपत्र घ्यायचं. पॅथॉलॉजीच्या निवासीला तिथं ‘तुमचं इथं काय काम?’ असं विचारलं जातं, कारण त्याच्यासाठी सूक्ष्मदर्शक नाही, टेबल नाही, काम ठरवून दिलेलं नाही.

खरं तर त्याला तिथं तुकड्याच्या जागी माणूस भेटू शकतो. गळ्यातल्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढायच्या, पट्टीवर पसरायच्या, रंग द्यायचा आणि तासाभरात सांगायचं की क्षयाची दिसते, कर्करोगाची दिसत नाही. या एफएनएसीला लागतात एक सुई, एक सिरिंज, काचपट्ट्या, रंगाच्या दोन-तीन बाटल्या आणि एक धड सूक्ष्मदर्शक. बोरी अरबहून दारव्ह्याला आलेल्या बाईचा यवतमाळचा हेलपाटा वाचतो, एका दिवसाची मजुरी वाचते. निवासीनं आधी विचारलेलं असतं, गाठ कधीची, ताप येतो का, घरात कुणाला खोकला आहे का. मग तो यवतमाळला परत गेल्यावर कोरा फॉर्म आला की स्वतः फोन करेल, कारण त्या चौकोनामागं कोण बसलेलं असतं हे त्यानं पाहिलेलं असेल. तीन वर्षांनंतर सरकारी सेवेचं बंधपत्राचं वर्ष करायचंच असतं. न केल्यास एम.डी. झालेल्याला ५० लाखांचा दंड राज्यानं ठेवलाय. ते वर्ष अशाच टेबलावर गेलं तर डॉक्टर आणि तालुका दोघांच्याही पदरात काही पडेल.

म्हणून दोन्ही खात्यांना माझं थेट मागणं आहे. पुढच्या डीआरपीच्या आदेशात पॅथॉलॉजीच्या निवासीसाठी दारव्ह्यात एफएनएसीचा वार, टेबल आणि सूक्ष्मदर्शक यांचा उल्लेख करा. मेडिकलच्या विभागानं दर महिन्याला फॉर्मालिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या तालुक्याला पाठवाव्यात आणि मराठीत छापलेला फॉर्म सोबत द्यावा, त्यात खर्रा किती वर्षं आणि कोणत्या गालात हे विचारलेलं असावं. फॉर्म कोरा आला तर नमुना परत पाठवू नका, त्यात रुग्णाचं नुकसान आहे. पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन करा आणि तो फोन करायचं काम निवासीच्या अभ्यासक्रमात धरा. अहवालाखाली सही करणाऱ्याचं नाव वाचता येईल असं छापा, विभागाचा फोन नंबर छापा, आणि दुपारी एक तास तो फोन उचलायला कुणीतरी ठेवा. अहवाल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं असतं, ‘साहेब, याच्यात काय निंगलं?’ आज त्याला उत्तर मेडिकल स्टोअरवाला देतो.